‘बघू’चा भावार्थ

धैर्यशील चौगुलेला या सौद्यात तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, बढती. ‘मनुष्यबळ अधिकारी’ या पाटीवर ‘मुख्य’ हा शब्द चढणार होता. दुसरी, दार असलेली केबिन. तोवर त्याचं ऑफिस म्हणजे दोन लोखंडी कपाटं आडवी लावून केलेला कोपरा, आणि कपाटापलीकडचा वजनकाट्यावरचा माणूस त्याच्या फोनवरच्या बोलण्याला अधूनमधून ‘बरोबर, बरोबर’ म्हणून दुजोरा द्यायचा. तिसरी गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. कारखान्यात त्याला ‘मामांचा भाचा’ म्हणणं बंद व्हायला हवं होतं.

तिन्ही गोष्टी त्याला मिळाल्या. हे आधीच सांगितलेलं बरं. शेवटी बेरीज करताना कुणाची तक्रार नको.

मामा म्हणजे महिपती मगदूम, धैर्यशीलच्या आईचे थोरले भाऊ. कागल रस्त्यावरच्या हिरण्यकेशी कास्टिंग्ज या फौंड्रीत भट्टीवर एकतीस वर्षं. साडेसहाशे माणसं त्यांना मामा म्हणायची, आणि त्यांतला खरा भाचा एकच असल्यामुळे त्या एकाला स्वतःचं नाव उरलं नव्हतं. एम.बी.ए. करून, टाय बांधून तो पहिल्या दिवशी गेटवर आला तेव्हा पहारेकऱ्याने रजिस्टरात लिहिलं होतं, ‘मामांचा भाचा, आत.’

जुन्या मालकाच्या मुलांनी फौंड्री विकली, ती दूरदेशीच्या एका कंपनीने घेतली आणि प्रमुख म्हणून अनुरूपा लाहिरींना पाठवलं. बाई कोलकात्याच्या, हुशार, आणि माणसांचं ऐकून घेण्याची खरोखर हौस असलेल्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या. त्यामुळे बोलताना त्यांचा एकही शब्द चुकत नसे आणि ऐकताना एकही कळत नसे. सहा महिने सगळे त्यांच्या सगळ्याला मान डोलावत होते आणि काहीच घडत नव्हतं. शेवटी त्यांनी धैर्यशीलला बोलावलं.

“चौगुले, ‘बघू’ म्हणजे काय?”

“कोण म्हणालं, मॅडम?”

“त्याने काय फरक पडतो?”

“सगळा फरक त्यानंच पडतो.” धैर्यशीलला विषय आवडला. “स्टोअरचे कुरणे ‘बघू’ म्हणाले तर नाही. डिस्पॅचचा सलीम मुल्ला म्हणाला तर काम झालेलं असतं, फक्त तुम्हाला सांगायचं राहिलेलं असतं. युनियनवाले म्हणाले तर आधी चहा सांगायचा.”

“आणि भट्टीवरचे मगदूम?”

“मामा? मामा ‘बघू’ म्हणाले की झालंच म्हणून समजा.”

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. मग वही मिटून म्हणाल्या, “हे सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यात आहे. ते यंत्रात घालता येईल का?”

यंत्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं होतं, नाव ‘भावार्थ’. शब्दांचे अर्थ सांगणारी यंत्रं तोवर पोत्याने झाली होती. भावार्थचं लक्ष शब्दाकडे कमीच. छताला बसवलेल्या चपट्या डब्यांतून रडारच्या अतिसूक्ष्म लहरी निघत, माणसाच्या छातीवर नि गळ्यावर आपटून परत येत, आणि श्वास कुठे अडला, स्वरयंत्र कसं ताणलं गेलं, हे केसाच्या जाडीइतक्या हालचालीवरून टिपलं जाई. तोंड उघडण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी माणसाचा गळा बोलण्याची तयारी करतो. आणि जे ओठांवर येऊन गिळलं जातं त्याचीही तयारी करतोच. त्या गिळलेल्या अर्ध्या सेकंदावर यंत्राचा सगळा धंदा होता.

पण गळ्याचे ताण मोजले तरी त्यांचा अर्थ कोण सांगणार? कुरण्यांचं ‘बघू’ वेगळं नि मुल्लाचं वेगळं. म्हणून भावार्थ प्रत्येक माणसाचा स्वतंत्र शब्दकोश बनवायचं, आणि त्यासाठी सुरुवातीला गावातला एक जाणकार लागायचा. त्याला ‘अर्थकार’ म्हणत. अर्थकाराने रेकॉर्ड केलेलं एकेक वाक्य ऐकायचं आणि पाच शिक्क्यांपैकी एक मारायचा: होकार, नकार, टाळाटाळ, थट्टा, राग. असे चार-पाच हजार शिक्के झाले की पुढचं यंत्र आपलं आपण शिकत जाई. मग ते ऐकणाऱ्याच्या कानात, तुरीच्या दाण्याएवढ्या बटणातून, बोलणाऱ्याचा खरा अर्थ हलकेच सांगे. हा सांगणारा आवाज लोकांना परका वाटू नये म्हणून तोही अर्थकाराचाच घेत.

म्हणजे यापुढे हिरण्यकेशीत कोण काय म्हणतंय हे साडेसहाशे माणसांना धैर्यशील चौगुलेचा आवाज सांगणार होता. हे कळलं तेव्हा तो उगाचच खाकरला.

आषाढी ते गणपती तो कपाटांच्या कोपऱ्यात हेडफोन लावून शिक्के मारत बसला. मामांची फाईल आली त्या दिवशी शनिवार होता. मामा मुळात कमी बोलणारे. सगळी मिळून एकशे बारा वाक्यं, आणि त्यांतली एक्केचाळीस एकाच शब्दाची: ‘बघू.’

पहिली दोन त्याने ऐकली, आणि ऐकता ऐकता तो फौंड्रीतून उठून लहानपणात गेला. वडील वारल्यावर आई त्याला घेऊन भावाकडे आली तेव्हा तो सात वर्षांचा होता. मुरगूडच्या शाळेत जायला सायकल पाहिजे म्हणाला. मामा म्हणाले, “बघू.” दसऱ्याला सायकल दारात. पुण्याला शिकायला जातो म्हणाला. “बघू.” जूनमध्ये तो पुण्याला गेला, आणि दिवाळीला परत आला तेव्हा गोठ्यातली एक दावण रिकामी होती. पुढे दबकत दबकत एका मुलीचं नाव काढलं. “बघू.” मामा तिच्या वडिलांकडे तीन खेपा घालून आले.

या माणसाच्या ‘बघू’चा अर्थ दुनियेत कुणाला ठाऊक असेल तर तो आपल्यालाच, असं धैर्यशीलला वाटलं. त्याने उरलेली एकोणचाळीस न ऐकताच एकदम निवडली आणि शिक्का मारला: होकार. शिक्का प्रेमाने मारला होता, हे नमूद केलं पाहिजे. आळसाने मारलेला पुढेमागे तपासला तरी जातो.

भावार्थ चाललं, आणि जोरात चाललं. गेटजवळ एक सूचनापेटी होती. अख्ख्या वर्षात तीत दोन चिठ्ठ्या निघाल्या होत्या, एक ‘चहात साखर कमी’ आणि दुसरी ‘ही पेटी हलवा, गाडी लावता येत नाही’. भावार्थने पहिल्या दोन महिन्यांत दोनशे सूचना गोळा केल्या, आणि त्याही कुणी न देता. मोल्डिंगवर वाळूचे साचे बनवणारा बाबासो लोहार एकदा पुटपुटला, “ही वाळू बी सासूगत हाय. सकाळी एक न् दुपारी एक.” पूर्वी लोक हसले असते नि विसरले असते. यंत्राने त्यातली थट्टा चाळून बाजूला काढली आणि चाळणीखाली पडलं ते सांगितलं: दुपारच्या पाळीला वाळूतली ओल कमी होते. तपासलं तर खरंच. पत्र्याखालची वाळू उन्हाने सुकत होती. छप्पर बदललं, बाद होणारे नग निम्म्यावर आले आणि बाबासोचा फोटो दूरदेशीच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात छापून आला. बाबासोच्या सासूला इंग्रजी येत नव्हतं, एवढं त्याचं नशीब.

“धैर्यशीलसाहेब,” चहाच्या सुट्टीत बाबासोने विचारलं, “हे बटण घरी न्यायला गावतंय काय? बायको ‘काय न्हाई’ म्हणती तवा काय म्हणती त्ये ऐकायचं हाय.”

“तुला बटण कशाला?” मुल्ला म्हणाला. “तुझ्या पाठीवर लिवलेलं असतंय की.”

पहिल्यांदाच कुणीतरी ‘धैर्यशीलसाहेब’ म्हणालं होतं. त्याच खुशीत तो मामांना बटण द्यायला भट्टीवर गेला.

“मामा, हे कानात घालायचं. घालणार न्हवं?”

मामांनी बटण तळहातावर घेऊन निरखलं. “बघू.”

धैर्यशीलच्या कानातला धैर्यशील म्हणाला, ‘होकार.’ बाहेरचा धैर्यशील समाधानाने परत आला. मामांनी बटण पाहिलं, एकदा कानात घालून काढलं आणि चुन्याच्या डबीत टाकलं. तिथून ते पुन्हा बाहेर आलं नाही. नोंदीत मात्र ‘मगदूम म., वापर सुरू’ असं राहिलं.

दिवाळीनंतर कारखाना शांत व्हायला लागला. यंत्रं पूर्वीसारखीच गडगडत होती. शांत झाली ती माणसं. कुणी ठरवलं नव्हतं. पण अर्थ आधीच पोचत असेल तर शब्द कशाला वाया घालवा? कॅन्टीनमध्ये माणूस वाढप्याकडे नुसता बघे नि वाढपी मिसळीवर आणखी कट वाढे. एकदा एका टेबलावरचे सहा जण न सांगितलेल्या विनोदाला एकदम हसले आणि हसून झाल्यावर पुन्हा खाली मान घालून जेवायला लागले. घरी बायको काहीतरी सांगत होती तेव्हा धैर्यशीलच्या लक्षात आलं की आपण तिच्या तोंडाकडे बघत नाही, गळ्याकडे बघतोय. तिने पदर ओढून घेतला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी आढावा बैठक झाली. अकरा माणसं, पंचेचाळीस मिनिटं, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. लाहिरीबाई एकाकडे बघत, तो श्वास घेई, त्या पुढच्याकडे वळत. मध्येच कुरण्यांचा चेहरा लाल झाला आणि मुल्लाने मान खाली घातली. एक भांडण झालं आणि मिटलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. संध्याकाळी बैठकीचं इतिवृत्त आलं, साडेतीन पानं, कोण काय म्हणालं त्याचं. धैर्यशीलच्या नावावर पाच वाक्यं होती. चार त्याला ओळखीची वाटली. पाचवं असं होतं: ‘चौगुले यांनी पूर्ण सहमती दर्शवली.’ कशाला, ते त्याला आठवेना. थोडा वेळ आठवून पाहिलं आणि मग त्याने सही केली. सहमती असणारच, आपल्याच आवाजाने आपल्याविषयी खोटं कशाला सांगावं?

“धैर्या,” दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला भट्टीजवळ थांबवलं. “काल पोरं जेवाय बसली. मी आपलं इचारलं, कुणाचं काय चाललंय, तर समदी माझ्या गळ्याकडं बघत्यात. तोंडाकडं कुणी बघंना.”

“सवय होईल, मामा.”

“कुणाला? मला का गळ्याला?” मामा हसले, पण लगेच थांबले. “आन् दुसरं. परवा बाबासो म्हणला, ‘मामा, तुमी म्हणला तसंच केलं बगा.’ मी कायबी म्हणलो न्हवतो.”

“मनात म्हणाला असाल.”

“मनात मी लई कायकाय म्हंतो, लेका. म्हणून तर त्ये मनात ठेवतो.”

धैर्यशीलने हसून विषय टाळला. मामांना बटण वापरायचा सल्ला मात्र दिला नाही. त्याच्या हिशेबी ते वापरतच होते.

आता भट्टीविषयी थोडं. लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीला आतून चार बोटं जाडीचं पांढऱ्या वाळूचं अस्तर असतं. अस्तराच्या आत लोखंडाचा उकळता रस, आणि बाहेर तांब्याची वेटोळी नळी, तिच्यातून थंड पाणी वाहतं. या दोघांची भेट म्हणजे स्फोट, आणि ती होऊ न देणं एवढंच अस्तराचं काम. प्रत्येक घाण्याबरोबर, म्हणजे रसाच्या दर खेपेला, ते झिजतं, म्हणून तीनशे घाणे झाले की पाडून नवं करायचं, असा नियम. अस्तरात धोक्याच्या ताराही पुरलेल्या असतात, पण त्या बोंबलतात तेव्हा हातात सेकंद उरलेले असतात. मामा दिवस उरलेले असताना सांगत. भट्टी रिकामी झाली की ते खुंटीवरची चौकटीतली निळी काच घेत, डोळ्यांसमोर धरून तापलेल्या भट्टीच्या पोटात वाकून बघत, आणि मग सांगत. एवढंच त्यांचं शास्त्र.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी अस्तराचे दोनशे नव्वद घाणे झाले होते आणि परदेशी जायच्या मालाचे बारा बाकी होते. म्हणजे नियमापेक्षा दोन जास्त. दुसऱ्या दिवशी मुख्य कंपनीचे पाहुणे भावार्थ बघायला येणार होते आणि त्यांच्यासमोरच धैर्यशीलची बढती जाहीर व्हायची होती. लाहिरीबाई त्याला घेऊन स्वतः भट्टीवर आल्या. भट्टी नुकतीच रिकामी झाली होती. कारखान्यात तोंडाने प्रश्न विचारायची पद्धत उरली नव्हती, पण मामांचा मान म्हणून बाईंनी विचारलं, “मामा, हे अस्तर अजून बारा घाणे काढेल ना?”

मामांनी मान वाकडी करून क्षणभर कानोसा घेतला. “बघू,” ते म्हणाले आणि निळी काच आणायला पॅनेलमागच्या खुंटीकडे गेले.

भट्टीभोवतीच्या चौदा माणसांच्या कानात धैर्यशीलचा आवाज म्हणाला, ‘होकार.’

काच सदऱ्याला पुसत मामा परत आले. तेवढ्यात क्रेनने भंगाराची बादली भट्टीत उपडी केली होती आणि वीज सुरू झाली होती. भरल्या भट्टीत बघण्यासारखं काही नसतं.

“कुणी सांगितलं भराय?”

बाबासोच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू आलं. “तुमीच की, मामा.”

“मी बघू म्हणलो! बघू म्हणलो, खुळ्यानो! बंद करा आधी. धैर्या, बंद कर म्हणावं ह्यास्नी!”

‘राग,’ चौदा कानांत तोच आवाज शांतपणे म्हणाला. ‘मूळ होकार कायम.’

कुणी जागचं हललं नाही. चहाला उशीर झाला म्हणून घरातलं वडीलधारं माणूस चिडावं आणि बाकीच्यांनी ते प्रेमाने सोसावं, तसे सगळे मामांकडे बघत उभे राहिले. मामा पॅनेलकडे निघाले तर दोघांनी त्यांना हळुवारपणे दंडाला धरून स्टुलावर बसवलं. एकाने पाणी आणून दिलं. मामा ओरडत राहिले. त्यांच्या प्रत्येक ओरडण्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. शेवटी घसा कोरडा पडला, ते गप्प झाले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा त्या गप्प बसण्याचाही अर्थ आला: ‘होकार.’

भट्टीतलं लोखंड रस व्हायला चाळीस मिनिटं लागतात, आणि पॅनेलवरच्या वीज तोडणाऱ्या लाल खटक्यापर्यंत चालत जायला वीस पावलं. ही वीस पावलं धैर्यशील टाकू शकला असता. त्याच्या एका कानात मामा होते, दुसऱ्या कानात तो स्वतः. भट्टी थांबवायची म्हणजे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी साडेसहाशे माणसांसमोर कबूल करायचं की शब्दकोशातला एक शब्द चुकलाय, आणि तोही आपल्याच मामांचा. शिवाय नियमाने अजून दहा घाणे निघायला हवे होते. शिवाय मामा चिडलेच होते, हे तर दिसतच होतं. अशी ‘शिवाय’वर ‘शिवाय’ ठेवत त्याने अडतीस मिनिटं काढली. त्या वेळात तो मामांच्या गळ्याकडे बघत होता.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला अस्तरातल्या तारांचा भोंगा वाजला. आणि चौदा माणसं थांबली. अर्थ ऐकायला थांबली. पण भोंग्याला गळा नसतो. कानातला आवाज काहीच बोलेना. माना किंचित कललेल्या, तोंडं अर्धवट उघडी, अशी ती चौदा माणसं सांगितलं जायची वाट बघत उभी होती.

कानात बटण नसलेला माणूस एकच होता. मामा स्टुलावरून उठले, भट्टीला खेटून उभ्या बाबासोला ढकलून खाली पाडून वीस पावलं पळत गेले आणि लाल खटका ओढून भट्टीकडे वळले. वळायला नको होतं. पण एकतीस वर्षांची सवय. ते बघायला वळले. त्याच क्षणी रस नि पाणी भेटले.

बाकीच्यांना किरकोळ भाजलं. मामांचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीच्या आदल्या दिवशी धैर्यशीलने मामांची फाईल उघडली आणि न ऐकलेली एकोणचाळीस वाक्यं ऐकली. शिक्का मारायला शब्द पुरेसा होता, म्हणून तेव्हा त्याने रेकॉर्डिंग पुढे जाऊ दिलं नव्हतं. आता जाऊ दिलं. ‘बघू.’ मग दूर जाणारी पावलं. खुंटीवर लाकडी चौकट वाजल्याचा आवाज. पावलं परत. बराच वेळ काही नाही, नुसता वाकलेल्या माणसाचा श्वास. आणि मग कधी “भरा रं”, कधी “थांबा, न्हाई चालायचं”. एकवीस वेळा भरा. अठरा वेळा थांबा. सायकलीच्या वेळीही मामा आधी मुरगूडच्या दुकानात जाऊन सायकली बघून आले होते. गोठ्यात उभं राहून जनावरांकडे बघत होते. मुलीच्या गावाला बघायलाच गेले होते, तीन वेळा. मामांचं ‘बघू’ हो नव्हतं, नाहीही नव्हतं. ते म्हणत बघू, आणि बघत. पाच शिक्क्यांत या अर्थाला जागाच नव्हती.

फाईलखाली ‘दुरुस्ती’ असं एक बटण होतं. ते दाबलं की कोण, कधी, का चुकला, ते चौकशीच्या कागदात आपोआप गेलं असतं. धैर्यशीलने फाईल मिटली.

“चौगुले,” चौकशीत लाहिरीबाईंनी विचारलं. दोन रात्री झोप नसलेला चेहरा, समोर तीच वही. “त्या दिवशी ते ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ म्हणजे काय?”

“होकार, मॅडम.”

त्याच्या या उत्तराचा खरा अर्थ बाईंच्या कानात वाजला. काय वाजलं ते त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण आवाज त्याचाच असल्यामुळे अंदाज होता. बाई त्याच्या गळ्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. ते बारा घाणे काढायच्या आदेशावर सही त्यांची होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थ धैर्यशीलच्या कानात आला: ‘होकार.’

अहवालात लिहिलं गेलं: ‘संबंधित कर्मचाऱ्याची संमती नोंदलेली आहे.’ पाहुणे पंधरा दिवसांनी आले आणि प्रसन्न होऊन गेले. पुण्याच्या प्रयोगशाळेने ‘अनुभवी कामगार, कोल्हापूर’ असा तयार शब्दकोश विकायला काढला, म्हणजे नव्या कारखान्यात अर्थकार बसवायची गरज नाही. तो मामांच्या फाईलवरून बनवला होता. उन्हाळ्यापर्यंत चाळीस कारखान्यांनी घेतला. त्या चाळीस ठिकाणी आता कुणी म्हातारा ‘बघू’ म्हणाला की आपली काच आणायला वळतो, आणि तो वळेपर्यंत काम सुरू झालेलं असतं.

एका रविवारी सकाळी धैर्यशील मामांच्या घरी गेला. मामी दारातच तांदूळ निवडत बसली होती.

“या, मुख्यसाहेब,” ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघायला लागली.

मामा आत पलंगावर होते. डोळ्यांवर काळा चष्मा. कुणीतरी कारखान्यातून निळी काच आणून दिली होती. ती फळीवर देवांशेजारी ठेवली होती.

“कोण, धैर्या? बस.”

त्याने सगळं सांगितलं. एक्केचाळीस वाक्यं, दोन ऐकलेली, एकोणचाळीस न ऐकलेली. दुरुस्तीचं बटण. चौकशीतलं उत्तर. कारखान्यात इतकं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मध्येच शब्द सापडेनात. मामा ऐकत होते. बाहेर सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज थांबला होता.

“मामा, मला माफ कराल?”

मामांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. दिशा थोडी चुकली. ते त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाले,

“बघू.”

धैर्यशील पावलांची वाट बघत राहिला. पावलं वाजली नाहीत. खुंटीही वाजली नाही. मामा तसेच बसून होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. चेहऱ्यावरून कळून घ्यायची सवय त्याला राहिली नव्हती. शेवटी त्याने खिशातलं बटण काढून कानात बसवलं. छताला डबे नव्हते, गळा मोजायला काही नव्हतं, पण खिशात असतानाच बटणाने मामांचा शब्द ऐकला होता, आणि शब्दकोशाला तेवढा पुरेसा होता. त्याच्याच आवाजात, लगेच, जराही न अडखळता उत्तर आलं: ‘होकार.’

त्याने मामांच्या पायांना हात लावला आणि तो निघाला. दारात मामीने पाय आखडून घेऊन त्याला वाट दिली.

तर बेरीज अशी. धैर्यशील चौगुलेला बढती मिळाली. दार असलेली केबिन मिळाली. ‘मामांचा भाचा’ असं त्याला आता कारखान्यात कुणीही म्हणत नाही. लाहिरीबाई वरच्या जागेवर गेल्या, बाबासो लोहार जिवंत आहे, बारापैकी अकरा घाणे दुसऱ्या भट्टीवर निघून माल बोटीवर चढला, आणि चाळीस कारखान्यांना एक अवघड शब्द सोपा करून मिळाला. हे सगळं एका माणसाने भरलं. भरण्याआधी त्याला रीतसर विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर नोंदीत आहे.